रोज तासभर, की एकदम चार तास?

ब्रिटनमध्ये पत्त्याखाली पोस्टकोड लिहिण्याची पद्धत १९७४ सालापर्यंत देशभर पोचली. तिच्यासोबत टपालाची वर्गवारी करणारी यंत्रं आली, पण पाकिटावरचं अक्षर वाचणं त्या यंत्रांच्या आवाक्यात नव्हतं. समोर माणूस बसायचा, कोड बघायचा आणि कीबोर्डवर टाइप करायचा. मग यंत्र पाकीट योग्य खणात ढकलायचं. थोडक्यात, वर्षानुवर्षं हाताने टपाल लावणाऱ्या पोस्टमनांना टायपिंग शिकवणं भाग होतं. (आपला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही.)

टपाल खात्यापुढचा प्रश्न कुठल्याही प्रशिक्षण विभागाला पडतो तोच होता. माणसांना किती दिवस कामावरून मोकळं करायचं आणि दिवसाला किती तास शिकवायचं? अ‍ॅलन बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी हे मोजून बघायचं ठरवलं. ७२ पोस्टमनांचे चार गट केले. एका गटाला दिवसातून एकदाच, तेही एकच तास शिकवलं. दुसऱ्याला सलग दोन तास. तिसऱ्याला एकेक तास दोनदा. चौथ्याला दोन-दोन तास दोनदा, म्हणजे दिवसाला चार तास. शिक्षण, यंत्र, धडे सगळ्यांना सारखेच.

१९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कीबोर्डवरची अक्षरं हाताखाली यायला रोज तासभर बसणाऱ्या गटाला साधारण ३५ तास लागले, तर रोज चार तास बसणाऱ्यांना जवळपास ५०. मधले दोन्ही गट मध्येच राहिले. पुढे वेग वाढवतानाही तेच दिसलं, आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा तासाभरवाल्यांच्या हातात कसब जास्त टिकून होतं.

मला या प्रयोगातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो मात्र पुढचाच. पोस्टमनांना आपापल्या वेळापत्रकाबद्दल विचारलं, तेव्हा सर्वांत कमी समाधानी निघाला तो रोज तासभर शिकणारा गट. रोज चार तास बसणारे आपल्या पद्धतीवर खूश होते. कारण उघड आहे. रोज तासाप्रमाणे, आठवड्याचे पाच दिवस धरले तर ३५ तास व्हायला सात आठवडे लागतात. रोज चार तासांनी ५० तास अडीच आठवड्यांत उरकतात. कॅलेंडरकडे बघणाऱ्याला आपण मागे पडतोय असंच वाटणार. तासांचा हिशेब कुणी मनात ठेवत नाही.

शिकणाऱ्याला आपण कसं शिकतोय याचा अंदाज किती चुकीचा असू शकतो, हे मला स्वतःला कारखान्यात उमगलं. मी काही वर्षं सुरक्षा प्रशिक्षणाचे वर्ग घेत होतो. एका ठिकाणी दोन दिवसांचा वर्ग झाला, शेवटी फीडबॅक फॉर्म भरून घेतले, जवळजवळ सगळ्यांनी 'उत्तम'वर खूण केली होती. सहा महिन्यांनी त्याच शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्याच विभागात, आग लागल्याचं ड्रिल घेतलं. आग विझवायचं नळकांडं हातात घेतलेल्या पहिल्या तिघांनी दांडा दाबला, जोर लावून दाबला, पण पिन काढायचीच राहिली. वर्गात तिघांनीही ती काढून दाखवली होती. ती मंडळी निष्काळजी नव्हती. मी शिकवलेलं त्यांच्याजवळ राहिलं नव्हतं, आणि ते राहावं यासाठी मी काहीच केलं नव्हतं.

विसरण्याचं मोजमाप तसं जुनं आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने ते स्वतःवरच केलं आणि १८८५ साली छापलं. अर्थ नसलेली अक्षरं तो पाठ करायचा, ठरावीक काळ मध्ये जाऊ द्यायचा आणि तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते मोजायचा. वीस मिनिटांनी श्रमांची बचत ५८ टक्के होती. तासाभराने ४४. एका दिवसाने ३४. पण महिन्याभरानेही ती २१ टक्के उरलेली होती. म्हणजे घसरण पहिल्या काही तासांत फार तीव्र असते आणि मग सपाट होत जाते. निरर्थक अक्षरं आणि कारखान्यातलं काम यांत फरक आहेच. अर्थ असलेली गोष्ट जास्त टिकते, त्यामुळे हेच टक्के जसेच्या तसे प्रत्येक प्रशिक्षणाला चिकटवणं चूक आहे. घसरणीचा आकार मात्र पुन्हा पुन्हा तसाच दिसला आहे. मधल्या अंतराने उजळणी केली तर घसरण मंदावते, हेही एबिंगहाउसनेच नोंदवलं होतं.

असं का होतं याची सगळ्यात सुंदर साक्ष फळमाशीने दिली आहे. १९९४ साली टिम टली आणि सहकाऱ्यांनी फळमाश्यांना एका वासासोबत विजेचा हलका झटका देऊन तो वास टाळायला शिकवलं. एका गटाला दहा धडे लागोपाठ दिले. दुसऱ्याला तेच दहा धडे, पण प्रत्येक दोन धड्यांच्या मध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती. विश्रांती मिळालेल्या माश्यांमध्ये आठवडाभर टिकणारी स्मृती तयार झाली, आणि ती तयार व्हायला पेशींना नवी प्रथिनं बनवावी लागत होती. लागोपाठ शिकवलेल्या माश्यांमध्ये या प्रकारची स्मृती तयार झालीच नाही. धडे तेवढेच, माशी तीच. फरक फक्त मधल्या रिकाम्या वेळाचा. आपण ज्याला 'गॅप पडला' म्हणतो, त्या वेळात पेशींचं काम चालू असतं. माणसाचा मेंदू माशीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आहे आणि अंतराचा फायदा का होतो याची एकापेक्षा जास्त कारणं संशोधक देतात, तरी स्मृती पक्की व्हायला वेळ लागतो ही गोष्ट दोघांनाही लागू आहे.

माणसांवरचा, आणि ज्यात चूक परवडत नाही अशा कामातला प्रयोग हवा असेल तर टोरांटोचा घ्या. तिथे शल्यचिकित्सा शिकणाऱ्या ३८ डॉक्टरांना बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं. सत्रं चार. निम्म्यांनी चारही एका दिवसात केली, निम्म्यांनी आठवड्याला एक अशी चार आठवड्यांत. महिन्याभराने दोन्ही गटांची परीक्षा झाली, त्यात जिवंत उंदराची महाधमनी जोडायची होती. आठवड्याला एक सत्र घेतलेले सरस ठरले. एकदिवसीय गटातल्या काहींना तर ती जोडणी पूर्णच करता आली नाही. हा अभ्यास २००६ सालचा.

त्याच वर्षी रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक गाठ सोडवली. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. आपल्याकडे पाढे नुसते वाचायला कुणी सांगत नसे, म्हणून दाखवायला लावत; तेही रोज, संध्याकाळी. उजळणी या शब्दात अंतर आणि आठवणं, दोन्ही आहेत.

आता दोन दिवसांचा वर्ग आठवून बघा. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, स्लाइडवर स्लाइड, जेवण चांगलं, शिकवणारा बोलका. शेवटच्या तासाला सगळं ताजं असतं, आणि नेमका त्याच वेळी फॉर्म हातात येतो. पाच मिनिटांनी घेतलेली परीक्षा काय दाखवते ते वर आलंच. अमेरिकेतले डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण चार पायऱ्यांवर तपासावं असं मांडलं: लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामावर गेल्यावर वागणं बदललं का, आणि त्यातून कामाला काय फायदा झाला. मी पाहिलेल्या बहुतेक कारखान्यांत तपासणी पहिल्याच पायरीवर थांबायची. तिसऱ्या पायरीसाठी कुणीतरी तीन महिन्यांनी उठून यंत्रापाशी जाऊन उभं राहावं लागतं, आणि तेवढ्यात पुढच्या वर्गाच्या तारखा लागलेल्या असतात.

अंतर ठेवून शिकवणं आणि मागाहून जाऊन बघणं कारखान्यात जमत नाही असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट सांगतो. अमेरिकेतले अनुभवी कामगार सैन्यात चालले होते, कारखान्यांत शेतकरी आणि घराबाहेर कधी काम न केलेल्या बायका येत होत्या, उत्पादन मात्र कैक पटींनी हवं होतं. १९४० साली सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' ही योजना काढली. मुकादम आणि सुपरवायझर यांना काम शिकवायला शिकवायचं. वर्ग दहा तासांचा, पण एका दिवसात नाही. दोन-दोन तासांच्या पाच बैठका. प्रत्येकाने आपल्या शॉपमधलं एक काम वर्गासमोर प्रत्यक्ष शिकवून दाखवायचं. १९४५पर्यंत १६ लाखांहून जास्त लोकांनी हे वर्ग पूर्ण केले. त्यांना खिशात ठेवायला एक कार्ड मिळे. शिकणाऱ्याची तयारी करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, आणि चौथी पायरी: त्याला एकट्याने करू द्या, अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगून ठेवा, वारंवार जाऊन बघा, आणि मग हळूहळू बघणं कमी करत न्या. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि तिथल्या कारखान्यांत रुजली. फळमाशीचा प्रयोग व्हायला तेव्हा पन्नास वर्षं होती. कार्ड लिहिणाऱ्यांना प्रथिनांबद्दल काही ठाऊक नव्हतं, पण नवा माणूस दुसऱ्या आठवड्यात कुठे चुकतो हे त्यांनी जवळून पाहिलेलं होतं.

खर्चाचा मुद्दा खरा आहे. बाहेरून प्रशिक्षक बोलवायचा तर तो दोन दिवसांसाठी येतो. दर मंगळवारी वीस मिनिटांसाठी येणार नाही. उत्पादनाची लाइन रोज तासभर थांबवणंही कुणाला परवडत नाही. म्हणून तो भार शॉपमधल्याच माणसावर टाकावा लागतो, आणि मग त्या माणसाच्या कामाच्या तासांत हा वेळ धरावा लागतो, वरकड म्हणून नाही.

त्या ड्रिलनंतर आम्ही दोन दिवसांचा वर्ग एका दिवसावर आणला. उरलेले तास तोडून वर्षभर पसरले: शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटांचा टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाच्या जागीच सुरक्षेवर छोटं बोलणं, आणि त्यात मी काही सांगायचं नाही, विचारायचं. आज कोण दाखवतो? सुरुवातीला लोक वैतागले. 'साहेब, हे तर येतं आम्हाला,' असं म्हणत. तिसऱ्या महिन्यात एका वेल्डरने नळकांडं उचललं, माझ्याशी बोलता बोलता अंगठ्याने पिन काढली, आणि ती हातात आल्यावरच त्याच्या लक्षात आलं की मी अजून विचारलंच नव्हतं.