कॅथलिक आणि मॉर्मन समाजांतील आर्थिक तफावत

कॅथलिक आणि मॉर्मन या दोन ख्रिस्ती समाजांचे कौटुंबिक उत्पन्न, त्यांची दान देण्याची रीत आणि त्यांच्या चर्चची मालमत्ता यांत दिसणारा फरक. विषय मुख्यतः अमेरिकेचा आहे, कारण दोघांची तुलना करता येईल अशी आकडेवारी तिथेच जमा झाली आहे. या विषयावर बोलताना दोन हिशेब हमखास एकमेकांत मिसळतात. चर्च किती श्रीमंत हा एक हिशेब, आणि रविवारी त्या चर्चमध्ये येऊन बसणारी माणसे किती श्रीमंत हा दुसरा. ते वेगळे ठेवल्याशिवाय या प्रश्नात काहीच नीट दिसत नाही.

कॅथलिक चर्चचे जगभरात १३० कोटींहून अधिक अनुयायी आहेत. मॉर्मनांची संख्या १ कोटी ७० लाखांच्या आसपास. त्यांच्या संस्थेचे नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यू यॉर्क राज्यात तिची स्थापना केली. ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नये असे आवाहन या चर्चने २०१८ मध्ये केले. वाचकांना तोच शब्द ओळखीचा असल्याने इथे तो ठेवला आहे.

आकडे काय सांगतात

प्यू रिसर्च सेंटर या पाहणी करणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०१४ मध्ये अमेरिकेत केलेल्या पाहणीत वर्षाला ३० हजार डॉलरांपेक्षा कमी उत्पन्न असलेले लोक कॅथलिकांत ३६ टक्के, तर मॉर्मनांत २७ टक्के निघाले. एक लाख डॉलरांच्या वरच्या गटात मात्र दोघे जवळपास बरोबरीत होते, १९ आणि २० टक्के. म्हणजे मॉर्मनांत धनाढ्य जास्त आहेत असे नाही. त्यांच्यात गरीब कमी आणि मध्यमवर्ग जाड आहे. ५० हजार ते एक लाख डॉलरांच्या पट्ट्यात मॉर्मन ३३ टक्के होते, कॅथलिक २६ टक्के.

पण त्याच पाहणीतले आणखी दोन आकडे शेजारी ठेवले की चित्र बदलते. अमेरिकेतल्या कॅथलिकांपैकी ३४ टक्के लोक लॅटिन अमेरिकी वंशाचे होते, मॉर्मनांत हे प्रमाण फक्त ८ टक्के. नुकते स्थलांतर करून आलेल्या, शेतात आणि बांधकामावर राबणाऱ्या कुटुंबांची गणना कॅथलिकांच्या सरासरीत होते. त्या सरासरीवरून कॅथलिक धर्मशिकवणीविषयी निष्कर्ष काढणे हा त्या कष्टकऱ्यांवर अन्याय आहे. दुसरा आकडा मुलांचा. मॉर्मनांना सरासरी ३.४ मुले, कॅथलिकांना २.३. तेवढेच उत्पन्न अधिक ताटांत वाटले जाते, शिवाय त्यातला दहावा हिस्सा आधीच चर्चकडे गेलेला असतो. आणि हे सगळे आकडे उत्पन्नाचे आहेत. घर, जमीन, शिल्लक आणि कर्ज धरून होणारी संपत्ती वेगळी मोजावी लागते.

दशांश

मॉर्मन अर्थव्यवहाराचा कणा म्हणजे दशांश, उत्पन्नाचा दहावा भाग. १८३८ पासून तो सदस्यांचे कर्तव्य मानला गेला. एकोणिसाव्या शतकातल्या युटामध्ये, म्हणजे पश्चिमेकडच्या मॉर्मन वस्तीच्या प्रदेशात, रोकड दुर्मीळ होती, म्हणून गावोगावच्या दशांश कचेरीत लोक गवताचे भारे, लोणी, कोंबड्या, धान्य आणून देत. ज्यांच्याकडे देण्यासारखे काही नसे ते दर दहाव्या दिवशी काम करत. सॉल्ट लेक सिटीचे मंदिर १८५३ ते १८९३ अशी चाळीस वर्षे बांधले जात होते, आणि त्यातला बराच घाम असा दशांशाचा आहे. बायकांच्या ‘रिलीफ सोसायटी’ची एक रीत तर मन भरून यावे अशी. कोंबड्यांनी रविवारी घातलेली अंडी घरात न ठेवता संस्थेला द्यायची. या अंड्यांच्या पैशातून त्यांनी आपल्या इमारती उभ्या केल्या.

आजही दशांश हा खासगी मामला नाही. वर्षाच्या शेवटी कुटुंब आपल्या वॉर्डाच्या, म्हणजे स्थानिक मंडळीच्या, बिशपसमोर जाऊन बसते. मुलेही सोबत असतात. वर्षभरात काय दिले त्याचा कागद हातात असतो आणि हा पूर्ण दशांश आहे की नाही, हे ज्याचे त्याने तोंडाने सांगायचे असते. पूर्ण दशांश न देणाऱ्याला मंदिरात प्रवेशाचा परवाना मिळत नाही, म्हणजे घरच्या मुलीचे मंदिरातले लग्नही त्याला पाहता येत नाही. पैसा आणि श्रद्धा इतक्या घट्ट गाठीने बांधलेली उदाहरणे ख्रिस्ती जगात थोडी आहेत. प्यूच्या २०१२ च्या अहवालात अमेरिकेतल्या ७९ टक्के मॉर्मनांनी आपण दशांश देतो असे सांगितले.

कॅथलिकांकडे असा ठरलेला हिस्सा नाही. चर्चच्या गरजा भागवण्यास हातभार लावणे श्रद्धावंतांचे कर्तव्य आहे, एवढेच कॅनन कायद्याचे, म्हणजे चर्चच्या अंतर्गत कायद्याचे, २२२वे कलम सांगते. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या वेळी अर्पणविधीला थैली किंवा टोपली रांगेतून फिरते, ज्याला जे जमेल ते तो टाकतो. कोणी काही न टाकता टोपली पुढे सरकवली तरी त्याचा कम्युनियनचा, म्हणजे उपासनेतली पवित्र भाकर घेण्याचा, हक्क जात नाही. मला ही मोकळीक मोलाची वाटते, पण तिची किंमतही आहे. उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिले तर अमेरिकेतले कॅथलिक मॉर्मनांच्या तुलनेत फारच कमी देतात.

दोन स्थलांतरे

दोन्ही समाज अमेरिकेत हाकललेले आणि उपाशी असेच उभे राहिले. जोसेफ स्मिथ यांना २७ जून १८४४ रोजी इलिनॉयमधल्या कार्थेज गावच्या तुरुंगात जमावाने मारले. त्यानंतर ब्रिगम यंग यांच्या मागोमाग अनुयायी पश्चिमेला निघाले आणि जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या कोरड्या खोऱ्यात पोचले. त्याच सुमारास आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला होता आणि कॅथलिक आयरिश जहाजे भरभरून न्यू यॉर्कला उतरत होते.

दोघांनी शोधलेले उपायही जवळजवळ एकाच वेळचे. मॉर्मनांनी १८४९ मध्ये ‘परपेच्युअल एमिग्रेटिंग फंड’ काढला. युरोपातल्या गरीब अनुयायांना प्रवासासाठी उसने पैसे द्यायचे, त्यांनी युटात कमावून ते परत करायचे, आणि त्यातून पुढच्यांना आणायचे. परतफेड अवघड गेली. १८८० मध्ये, चर्चच्या पन्नासाव्या वर्षी, गरिबांचे निम्मे कर्ज माफ करण्यात आले. न्यू यॉर्कमध्ये बिशप जॉन ह्यूज यांच्या पाठिंब्याने १८५० मध्ये आयरिशांसाठी ‘एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक’ सुरू झाली. मोलकरणी आणि हमाल तिथे थोडे थोडे साठवत आणि त्यातले मायदेशी पाठवत. १८८२ मध्ये न्यू हेवन इथे फादर मायकेल मॅकगिव्हनी यांनी ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ ही परस्पर मदतीची संस्था स्थापन केली ती कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर विधवा-मुले रस्त्यावर येऊ नयेत म्हणून.

फरक पडला तो वस्तीचा. मॉर्मनांना एक सबंध प्रदेश मिळाला. पाण्याचे पाट, सहकारी दुकाने, गिरण्या त्यांनी स्वतःच्या योजनेने उभारल्या. कॅथलिक दुसऱ्यांच्या शहरांत, दुसऱ्यांच्या कारखान्यांत शिरले. तरीही १८८४ मध्ये कॅथलिक बिशपांच्या बाल्टिमोर परिषदेने प्रत्येक धर्मग्रामाने (एका चर्चभोवतीच्या स्थानिक समाजाने) आपली शाळा काढावी असे ठरवले, आणि त्या शाळांनी कामगारांच्या नातवंडांना वकील, डॉक्टर, प्राध्यापक केले. समाजशास्त्रज्ञ फादर अँड्र्यू ग्रीली यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की आयरिश कॅथलिकांचे उत्पन्न तोवर राष्ट्रीय सरासरीच्या वर गेले होते. पुढे समाजशास्त्रज्ञ लिसा कायस्टर यांनी गोऱ्या कॅथलिकांच्या संपत्तीवर काम केले. त्यांना असे आढळले की हे लोक सामान्य घरांत वाढूनही आईवडिलांच्या कितीतरी पुढे गेले.

बिनपगारी श्रम

माझ्या मते या विषयाचे मर्म पैशापेक्षा इथे आहे. कॅथलिक शाळा स्वस्त होत्या, कारण तिथे शिकवणाऱ्या धर्मभगिनींनी दारिद्र्याचे व्रत घेतलेले होते. १९६५ मध्ये अमेरिकेत त्यांची संख्या सुमारे १ लाख ८० हजार होती. नंतर ती वेगाने उतरली, त्यांच्या जागी पगारी शिक्षक नेमावे लागले, फी वाढली आणि शाळा बंद पडू लागल्या. आयरिश आणि इटालियन मुलांना जी शिडी मिळाली ती मेक्सिकन मुलांच्या वाट्याला तितकी आली नाही. या समाजाच्या प्रगतीचा हिशेब मांडताना त्या सिस्टरांचे नाव क्वचित घेतले जाते, याची खंत वाटते.

मॉर्मनांकडे हे श्रम सामान्य सदस्य करतात. वॉर्डाचा बिशप आठवडाभर दातांचा डॉक्टर किंवा शिक्षक असतो. साधारण पाच वर्षे तो हे काम विनावेतन करतो, मग दुसरा येतो. मदतीची व्यवस्थाही अशीच. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण सोडून त्याचे पैसे गरजूंसाठी द्यायचे. मंदीच्या काळात, १९३६ मध्ये, चर्चने आपली कल्याण योजना सुरू केली. तिच्या भांडाराला ‘बिशप्स स्टोअरहाउस’ म्हणतात. फळ्यांवर डबाबंद पीच, पीठ, साबण रचलेले असते, पण गल्ला कुठेच नसतो. बिशपने सही केलेली यादी दाखवायची आणि सामान न्यायचे. घेणाऱ्याला जमेल ते काम करायला सांगतात.

अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये असे मांडले, की सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यात जन्मलेले मूल सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यात पोचण्याची शक्यता सॉल्ट लेक सिटीत १०.८ टक्के आहे, तर नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात ४.४ टक्के. त्याचे सगळे श्रेय धर्माला देता येत नाही. पण कोसळणाऱ्या कुटुंबाला शेजारी सावरून धरतात, एवढे नक्की. याच घट्ट विश्वासाची दुसरी बाजूही युटाने सोसली आहे. ओळखीच्या धर्मबंधूने गळ घालून केलेल्या गुंतवणुकीच्या फसवणुका तिथे मोठा प्रश्न आहेत, आणि आर्थिक गुन्हेगारांची जाहीर नोंदवही ठेवणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य ठरले.

चर्चची तिजोरी

१८९९ मध्ये मॉर्मन चर्चवर दहा लाख डॉलरांहून अधिक कर्ज होते. बहुपत्नीकत्वाच्या वादात सरकारने १८८७ च्या कायद्याने त्याची मालमत्ता जप्त केली होती. अध्यक्ष लॉरेन्झो स्नो यांनी दुष्काळी सेंट जॉर्ज गावात पूर्ण दशांशाचे आवाहन केले आणि १९०७ पर्यंत कर्ज फिटले. खर्चाचा तपशील जाहीर करणे चर्चने १९५९ नंतर थांबवले. २०१९ मध्ये एका माजी कर्मचाऱ्याच्या तक्रारीमुळे ‘एन्साइन पीक’ या त्याच्या गुंतवणूक संस्थेकडे सुमारे १०० अब्ज डॉलर असल्याची बातमी जगासमोर आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकी शेअर बाजार नियामकाने संस्थेला ४० लाख आणि चर्चला १० लाख डॉलर दंड केला, तो ही गुंतवणूक वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांखाली दडवल्याबद्दल. गरिबाकडूनही दशांश घेणाऱ्या चर्चने आपला ताळेबंद त्याला दाखवायला हवा, ही सदस्यांची मागणी रास्तच आहे.

कॅथलिक चर्चची अशी एक तिजोरी नाही. मालमत्ता ज्या धर्मप्रांताने, धर्मग्रामाने किंवा संघाने मिळवली त्याचीच राहते. त्यामुळे एका ठिकाणी भरलेली रुग्णालये आणि विद्यापीठे, तर दुसऱ्या ठिकाणी गळके छप्पर, असे एकाच शहरात दिसते. बाललैंगिक अत्याचारांच्या भरपाईने ही विभागणी उघडी पाडली. पोर्टलंडचा धर्मप्रांत २००४ मध्ये दिवाळखोरीत गेला, तर २००७ मध्ये लॉस एंजेलिसने ६६ कोटी डॉलरांची तडजोड केली.

अमेरिकेबाहेर

वसईच्या कॅथलिकांनी १९१८ मध्ये पतपेढी काढली आणि तिची पुढे बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. ही प्रगती दानातून नव्हे, सहकारातून आलेली. मॉर्मनांची भारतातली संख्या लहान आहे. त्यांच्या इथल्या पहिल्या मंदिराची, बेंगळुरूच्या मंदिराची, घोषणा २०१८ मध्ये झाली.

मॉर्मन म्हणजे सुखवस्तू हे समीकरण युटाबाहेर टिकत नाही. निम्म्याहून अधिक मॉर्मन आता अमेरिकेबाहेर आहेत. मेक्सिको आणि ब्राझीलमध्ये ते कॅथलिक शेजाऱ्यांच्याच गल्लीत राहतात आणि त्यांच्यासारखीच रोजंदारी करतात. २००१ मध्ये अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी अशा देशांतल्या तरुणांसाठी ‘परपेच्युअल एज्युकेशन फंड’ जाहीर केला. नाव आणि रीत दोन्ही १८४९ च्या फंडावरून घेतलेली. गवंडीकाम, नर्सिंग, संगणक असे काही शिकायला कर्ज मिळते, नोकरी लागल्यावर हप्ते सुरू होतात, आणि तेच पैसे पुढच्या मुलाच्या फीला जातात.