गाठ साधी की कर्करोगाची? रक्तातल्या प्रथिनांची साक्ष

सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली की घरात एकच प्रश्न घुमतो: साधी की कर्करोगाची? स्तनातल्या गाठीत सुई घालून तुकडा काढता येतो. अंडाशयाच्या संशयास्पद गाठीत मात्र डॉक्टर हे सहसा टाळतात. गाठ कर्करोगाची निघाली, तर सुईच्या छिद्रातून पेशी पोटात सांडायची भीती असते. म्हणून गाठ न फोडता आतलं ओळखायचं, आणि त्यासाठी रक्तातली प्रथिनं तपासायची.

त्यातलं सर्वांत जुनं सीए-१२५. १९८१ साली अमेरिकेत रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी ते पकडणारं प्रतिपिंड तयार केलं. रक्तात ३५ युनिटपर्यंत असेल तर ठीक, असा संकेत आहे. पण हे प्रथिन कर्करोगाची मक्तेदारी नव्हे. पोटाच्या आतल्या अस्तराला चीड आली, की ते वाढतं: एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), पोटातला क्षयरोग, यकृताचा सिरॉसिस, गरोदरपण, अगदी मासिक पाळीसुद्धा. उलट पहिल्या टप्प्यातल्या कर्करोगात निम्म्याच्या आसपास रुग्णांत ते वाढलेलंच नसतं! रिपोर्टवर ठळक छापलेला आकडा पाहून हादरणाऱ्यांना हे आधीच कुणीतरी सांगायला हवं.

आकडा एकटा मुका असतो, त्याला वय बोलतं करतं. १९९० सालापासून वापरात असलेला आरएमआय, म्हणजे गाठ कर्करोगाची असण्याच्या जोखमीचा निर्देशांक, तेच करतो. सोनोग्राफीत दिसलेल्या संशयास्पद खुणांना गुण द्यायचे, सीए-१२५ ला त्या गुणांनी गुणायचं, पाळी गेलेली असेल तर आणखी तीनने. समजा दोघींचं सीए-१२५ सत्तर आणि सोनोग्राफीचा गुण एक. पाळी चालू असलेलीचा निर्देशांक ७०, पाळी गेलेलीचा २१०. दोनशेच्या वर गेलं की संशय बळावतो. रक्तातला आकडा तोच, अर्थ वेगळा.

एचई-४ हे दुसरं प्रथिन. गंमत म्हणजे ते प्रथम सापडलं पुरुषांच्या शरीरात, शुक्राणू पक्व होतात त्या नळीत. एंडोमेट्रिओसिसमध्ये ते सहसा वाढत नाही, त्यामुळे सीए-१२५ जिथे गोंधळतं तिथे हे उपयोगी पडतं. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर मात्र यालाही फसायला होतं. दोन्ही प्रथिनं आणि पाळीची स्थिती यांचं गणित मांडणाऱ्या पद्धतीला रोमा म्हणतात.

या साऱ्यातून निदान होत नाही, ते काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतं. ठरतं ते इतकंच की शस्त्रक्रिया कुणी करायची. संशय दाट असेल तर स्त्रियांच्या कर्करोगाच्या शल्यविशारदाकडे पाठवतात. तो पहिल्याच वेळी पोटातला सगळा रोग काढू पाहतो, आणि रुग्ण पुढे किती जगेल हे त्यावर पुष्कळ अवलंबून असतं.

श्लेष्मल (चिकट द्रव स्रवणाऱ्या पेशींच्या) प्रकारच्या कर्करोगात सीए-१२५ बऱ्याचदा फारसं वाढत नाही. आणि विशीच्या आतल्या मुलीची गाठ बहुधा बीजपेशींपासून उगम पावलेली असते, तिथे डॉक्टर रक्तातली एएफपी, एचसीजी आणि एलडीएच ही वेगळी प्रथिनं तपासायला सांगतात.