‘जुन्या काळी घरं शब्दावर बांधली जात’: हे खरं नाही

इंग्लंडमधल्या १९व्या शतकातल्या घरबांधणीबद्दल सर्रास सांगितलं जातं, की हातात हात दिला की काम सुरू आणि झालेल्या कामाचा हिशेब समजुतीने मिटे. मोठ्या कामांचे करार मात्र भलतेच काटेकोर असत. नकाशे, मालाचा तपशील, एकरकमी किंमत (म्हणजे संपूर्ण कामाची आधीच ठरलेली एकच रक्कम), वास्तुविशारदाच्या दाखल्यानंतरच मिळणारे हप्ते, उशिराला दर आठवड्याचा दंड. जादा काम लेखी आदेशाशिवाय केलं, तर बिल बहुधा अडकायचंच.

एकरकमी करार किती कठोर होता, हे १८९८च्या ‘सम्प्टर विरुद्ध हेजेस’ खटल्यात दिसतं. दोन घरं आणि तबेले ५६५ पौंडांत बांधायचे ठरले. सुमारे ३३३ पौंडांचं काम झालं, काही पैसे मिळाले आणि बांधकाम करणाऱ्याकडचा पैसा संपला. मालकाने बांधकाम स्वतः पुरं केलं. झालेल्या कामाचा उरलेला मोबदला न्यायालयाने नाकारला, कारण स्वतःच्या जमिनीवरची अर्धवट घरं ‘नको’ म्हणायची सोय मालकाला नव्हती. त्यामुळे झालेल्या कामाचे पैसे देण्याचा नवा करार त्याने केला, असं मानता येईना. जागेवर पडलेलं सुटं साहित्य मात्र त्याने आपल्या मर्जीने वापरलं होतं. तेवढ्याचेच पैसे द्यावे लागले.