एजंटला कोड दिसत नाही, वर्णन दिसतं

आपल्याकडे गोव्यात फोंडा, डिचोली, पेडणे बाजूला देवळाच्या उत्सवात मराठी नाटक असतंच, आणि आता त्याचं वेब पेज एखाद्या एआय एजंटकडून, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पावलं ठरवून करणाऱ्या एआय प्रोग्रामकडून, बनवून घेता येतं. समजा समितीतल्या कुणीतरी त्याला सांगितलं, 'नाटक शनिवारी रात्री साडेबाराला, पेजवर टाक.' गावात हे कुणालाही कळतं. पण कॅलेंडरच्या हिशोबाने साडेबाराला रविवार लागलेला असतो, त्यामुळे एजंटने शनिवारची तारीख आणि ००:३० ही वेळ टाकली की ती झाली शुक्रवारची रात्र, म्हणजे पेजवर नाटक अख्खा एक दिवस आधी.

अशा वेळी लोक म्हणतात एआयला अक्कल नाही. मला वाटतं आधी त्या एजंटला दिलेल्या टूलचं, म्हणजे एखादं ठरावीक काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं, वर्णन उघडून वाचावं, बऱ्याचदा घोळ तिथेच सापडतो.

हे चालतं कसं ते बघा. एजंटच्या आत असलेलं भाषेचं मॉडेल स्वतः पेज बनवत नाही, ते फक्त मजकूर लिहू शकतं. त्याला टूल्सची यादी दिलेली असते, प्रत्येक टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि त्याला कुठली माहिती द्यायची ते. मॉडेल ही यादी तुमच्या मेसेजबरोबरच वाचतं आणि उत्तरात एका ठरलेल्या साच्यात लिहितं की अमुक टूल चालवा, ही घ्या माहिती. मग बाहेरचा साधा प्रोग्राम ते टूल खरंच चालवतो, जे झालं ते मजकूर म्हणून परत मॉडेलला देतो, ते वाचून मॉडेल पुढचं पाऊल ठरवतं, आणि काम संपेपर्यंत हेच चालू राहतं. विचार आणि कृती आलटून पालटून करायची ही पद्धत २०२२ मधल्या 'रिअ‍ॅक्ट' नावाच्या शोधनिबंधाने गाजली, जून २०२३ मधे ओपनएआय कंपनीने फंक्शन कॉलिंग, म्हणजे ठरलेल्या साच्यात टूल मागायची सोय, आणलं आणि नोव्हेंबर २०२४ मधे अँथ्रोपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, ज्यामुळे एकदा लिहिलेलं टूल वेगवेगळ्या एजंटना जोडता येतं. म्हणजे तुमचं वर्णन आता असा कुणीतरी एजंट वाचणार ज्याला तुम्ही बघितलेलंही नाही. आणि टूलच्या आतला कोड त्याला सहसा दिसत नाही, काल ते टूल कसं चाललं हेही त्याला आपोआप आठवत नाही, त्यामुळे वर्णनात जे नाही ते तो अंदाजाने भरतो.

वेळेच्या रकान्याचं वर्णन नुसतं 'नाटकाची वेळ' असं असेल तर अंदाजच होणार. त्याऐवजी असं लिहा: 'तारीख आणि वेळ एकत्र, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, वेळ चोवीस तासांची आणि भारतीय. मध्यरात्रीनंतरचा कार्यक्रम पुढच्या तारखेला धरा. वापरणाऱ्याने आदल्या दिवसाचं नाव घेतलं असेल तर आधी विचारून घ्या.' लांब वाटतं, पण यातला एकही शब्द वाया गेलेला नाही. वर्ष आधी का, तर ०५/०९ म्हणजे ५ सप्टेंबर की ९ मे हे आकड्यांवरून कळत नाही. आणि 'भारतीय' का, तर पुष्कळ सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे रविवारचे आपले साडेबारा तिथे शनिवारचे संध्याकाळचे सात असतात.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी जागा मात्र वेगळी आहे. 'अपडेट पेज' नावाचं टूल, वर्णन काय, तर 'पेज अपडेट करते'. आता हे दिलेला तुकडाच बदलतं की सगळं पेज पुसून जे दिलं तेवढंच ठेवतं? वेबमधे हा फरक फार जुना आहे, सर्व्हरला पाठवायच्या आज्ञांमधे पुट म्हणजे पूर्ण बदल आणि पॅच म्हणजे तेवढ्यापुरता बदल, आणि पॅचचा अधिकृत नियम २०१० मधे आला. पण टूलच्या वर्णनात तो लिहायला लोक विसरतात. मग एजंट फक्त नवीन वेळ पाठवतो आणि कलाकारांची नावं, पालखीचा मार्ग, फोटो सगळं गायब. इथे 'हे टूल संपूर्ण मजकूर बदलते, एकच भाग बदलायचा असेल तर हे वापरू नका, तुकडा बदलण्याचं टूल वापरा' एवढं एक वाक्य हवं होतं. टूल काय करतं हे सगळेच लिहितात हो, ते कधी वापरायचं नाही हे लिहिणारे फार थोडे, आणि सारखी दिसणारी दोन टूल्स असली की निवड त्यावरच ठरते.

गोव्यातल्या पेजला भाषेची एक वेगळी अडचण आहे. एकाच पेजवर मराठी आणि कोंकणी, दोन्ही देवनागरीत, आणि भाषेचा रकाना 'भाषा' एवढंच म्हणत असेल तर देवनागरी बघून एजंट हिंदी लावून मोकळा होऊ शकतो. डोळ्यांनी बघणाऱ्याला काही फरक जाणवत नाही, पण स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरणाऱ्या अंध वाचकाला मराठी मजकूर हिंदी उच्चारात ऐकावा लागू शकतो, आणि हे मला अजिबात चालण्यासारखं वाटत नाही. म्हणून भाषांचे चालणारे कोड रकान्याच्या वर्णनातच नेमून द्या, मराठीचा एम-आर, कोंकणीचा के-ओ-के, आणि लिपीवरून भाषा ठरवू नका असं स्पष्ट लिहा. मर्यादेचंही तसंच. 'फोंडा' रोमनमधे लिहिला तर ५ बाइट, देवनागरीत यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत १५, तेव्हा शीर्षकाची मर्यादा अक्षरात आहे की बाइटमधे ते सांगा, नाहीतर मराठी शीर्षक मधेच तुटणार.

टूलकडून परत येणारा मजकूरही एजंट वाचतोच. 'एरर ४००' (पाठवलेली मागणी चुकीची) एवढंच आलं तर तो तीच चूक परत परत करत बसेल. 'तारखेत वर्ष नाही, वर्ष घालून पुन्हा पाठवा' असं आलं तर बहुतेक वेळा पुढच्या फेरीत सुधारतो.

बाकी पेज प्रकाशित करणं किंवा डिलीट करणं यासाठी नुसत्या वर्णनावर भरवसा ठेवू नये. 'आधी परवानगी घ्या' असं लिहायचंच, पण ते वाचूनही मॉडेल कधीतरी पुढे जाऊ शकतं, तेव्हा समितीतल्या माणसाने होकाराचं बटण दाबल्याशिवाय ते टूल चालणारच नाही अशी सोय बाहेरच्या प्रोग्राममधे करावी लागते.