वॉटर कलर का गवाश? कासला जाताना बॅगेत काय टाकायचं

वॉटर कलर आणि गवाश, दोन्ही पाण्यात कालवतात, दोन्ही ट्यूबमध्ये मिळतात, दुकानात एकाच रॅकवर असतात आणि मोबाइलवर फोटो बघितला तर बऱ्याचदा कळतही नाही की चित्र कशात केलंय. त्यामुळं पाऊस जरा ओसरला आणि कास, ठोसेघरला बसून चित्रं काढायची हुक्की आली की साताऱ्यातल्या नव्या मंडळींचा ठरलेला प्रश्न, वॉटर कलर घेऊ का गवाश, आणि त्याला ठरलेलं उत्तर, एक पारदर्शक असतो एक अपारदर्शक. उत्तर बरोबर आहे हो, पण त्यानं काम काही होत नाही, कारण बाहेर जाऊन बसल्यावर गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. पांढरा कुठून आणायचा?

वॉटर कलरमध्ये पांढरा म्हणजे कागद. रंगाचा थर इतका पातळ असतो की उजेड त्यातून आत जातो, कागदावरून परत फिरतो आणि मग आपल्याला दिसतो, म्हणून तो तजेला येतो. गवाशमध्ये पांढरा ही वेगळी ट्यूब असते आणि उजेड रंगाच्या वरच्या थरावरूनच परत येतो. बाकी घरची मंडळी तीच, दोन्हीत डिंक तोच, गम अरेबिक, फक्त गवाशमध्ये रंगद्रव्य जास्त ठासून भरलेलं असतं आणि काही कंपन्या वर खडूसारखी पांढरी पूडही घालतात.

आता चाळकेवाडीला जाऊन बसा म्हणजे फरक डोळ्यांनी दिसेल. मागं काळंकरडं आभाळ, पुढं पवनचक्क्यांचे पांढरे खांब, बारीक, उंच, आणि त्यावर ती तीन पाती. वॉटर कलरवाल्याला आभाळाचा पहिला हात मारायच्या आधीच प्रत्येक खांब कुठं येणार ते ठरवून तेवढा कागद कोरा सोडावा लागतो, आणि ओला वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात, खाली उतरताना त्या बारीक पट्ट्या वाचवणं म्हणजे खरंच कसरत आहे. कागद कोरा ठेवायला मास्किंग फ्लुइड, म्हणजे वाळल्यावर सोलून काढायचं रबरासारखं द्रव, लावता येतं, पण ते वाळेपर्यंत थांबायचं, ब्रश खराब होतो, आणि उन्हात जास्त वेळ राहिलं तर काढताना कागदाचा पापुद्रा घेऊन निघतं. गवाशवाला आधी आख्खं आभाळ रंगवतो, चहा पितो, आणि मग पांढऱ्यात कणभर निळा मिसळून खांब ओढतो. एक फटका, झालं.

म्हणजे सगळा क्रमच उलटा आहे. वॉटर कलर फिक्यापासून गडदाकडं जातं आणि पांढरं कुठं राहणार हे सगळ्यात आधी ठरवावं लागतं. गवाशमध्ये साधारण मधल्या-गडद रंगांपासून सुरुवात करून शेवटी उजेड ठेवायचा, त्यामुळं निर्णय पुढं ढकलता येतो. ज्यांना बसल्या जागी विचार बदलायची सवय आहे त्यांनी गवाशच घ्यावं असं माझं सरळ मत आहे.

पण मग यवतेश्वरचा घाट चढताना धुकं उतरतं ना, तिथं गवाश हात टेकतं. कागद ओला करून त्यात फिका करडा-निळा सोडला की तो आपला आपण पसरतो, डोंगराची कडा कुठं संपली आणि ढग कुठं सुरू झाला हे कळतच नाही, आणि हे काम पाणी करतं, आपण फक्त बघायचं आणि वेळेवर हात काढून घ्यायचा. गवाशमध्ये तेच धुकं पांढरा मिसळून मिसळून बनवावं लागतं, जमतं, पण कष्ट दिसतात. संगम माहुलीलाही तसंच, कृष्णा आणि वेण्णेच्या पाण्यात काळ्या दगडाच्या देवळांची सावली हलत असते, तिथं अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस-तपकिरी मिसळून एक ओला हात खाली ओढला की अर्धं काम होतं. काठावर बगळा बसला असेल तर मात्र परत तीच कटकट, कागद सोडला होता का?

वाळण्याचा घोळ दोन्हीत आहे पण वेगवेगळा. वॉटर कलर वाळला की फिका होतो, सगळाच, म्हणून जरा गडदच लावायचा, हे एकदा हाताला कळलं की कळलं. गवाश जास्त खोडकर आहे, त्यात फिके रंग वाळून गडद होतात आणि गडद रंग वाळून फिके, त्यामुळं अर्ध्यावर सोडलेलं आभाळ नंतर जुळवायला बसलं की दोन तुकडे वेगळे दिसतात, म्हणून कागदाच्या कडेला ठिपका लावून वाळू द्यायचा आणि मगच पुढं. आणि एक, गवाश वाळल्यावरही पाणी लागलं की सुटतो. वरचा थर लावताना ब्रश घासत बसलात तर खालचा वर येतो आणि चिखल होतो. कमी पाणी, एक हात, पुढं सरका. ऑगस्टमध्ये वर हवा इतकी दमट असते की वॉटर कलरचा पहिला वॉश लवकर वाळतच नाही आणि घाई केली की वेड्यावाकड्या कडांचे डाग पडतात, ऑक्टोबरच्या उन्हात उलट, ब्रश फिरवेपर्यंत कड सुकते.

कासच्या फुलांबद्दल वेगळं सांगायला पाहिजे. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा आणि मधेच गेंदाची पांढरी बटणं, हे बघून सगळे गवाशच काढतात, कारण हिरव्या गवतावर वरून ठिपके देता येतात. आणि तिथंच घोटाळा, हात थांबत नाही, चित्रभर अक्षता टाकल्यासारखं होतं. लांबचा गालिचा ठिपक्यांचा नसतोच, तो रंगाचा पट्टा असतो, तो वॉटर कलरच्या ओल्या वॉशमध्ये जास्त खरा वाटतो. जवळची दहा-बारा फुलं फक्त गवाशनं. दोन्ही एकाच कागदावर चालतात, डिंक एकच असल्यामुळं भांडत नाहीत, फक्त गवाश शेवटी.

यावर काही जण नाक मुरडतात, म्हणे पांढरा वापरला की ते शुद्ध वॉटर कलर राहिलं नाही. इंग्रज चित्रकार टर्नर निळ्या कागदावर अपारदर्शक रंग बिनदिक्कत वापरायचा, विन्सर अँड न्यूटन या इंग्लंडच्या रंगांच्या कंपनीनं चायनीज व्हाइट हा पांढरा रंग 1834 साली बाजारात आणला तो वॉटर कलरवाल्यांसाठीच, आणि आपल्याकडची लघुचित्रं तर बहुतेक अपारदर्शक जलरंगातलीच आहेत. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या भवानी संग्रहालयात जाऊन बघा एकदा, मग बोलू.

पोस्टर कलरचं विचारतात लोक, कारण एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या डिझाइनला तेच वापरलेले असतात. तो गवाशचाच स्वस्तातला भाऊ, भराव जास्त, काही रंग उन्हात लवकर उडतात, पण सरावाला झकास आहे. अ‍ॅक्रिलिक गवाश मात्र वेगळं प्रकरण, वाळलं की परत सुटत नाही, ट्यूब नीट वाचून घ्या. आणि वॉटर कलरच्या ट्यूबवर छोटा चौकोन असतो, रिकामा म्हणजे पारदर्शक, भरलेला म्हणजे अपारदर्शक. कॅडमियम यलो, सेरुलियन निळा हे रंग जरा जाडच, म्हणजे कमी पारदर्शक असतात, पण तेवढ्यानं ते गवाश होत नाहीत.

प्रवासाला वॉटर कलर सोपं, यात वाद नाही. अर्ध्या पॅनमध्ये, म्हणजे छोट्या चौकोनी वडीच्या डबीत, वाळलेला रंग, ओला ब्रश लावला की जागा होतो, आख्खा सेट खिशात बसतो. गवाश पॅलेटवर वाळलं की तडकतं आणि परत भिजवलं तरी तो जाडपणा येत नाही, म्हणून हवाबंद डब्यात ओला टिश्यू अंथरून त्यावर ताजा रंग काढून न्यायचा आणि पांढऱ्याची ट्यूब मोठी घ्यायची, ती सगळ्यात आधी संपते. कागदाचं उलट आहे, वॉटर कलरला 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) चांगला कागद लागतोच, गवाश साध्या जाड कागदावर, खाकी कागदावरही चालतं, फक्त जाड थर दिलेली वही सारखी दुमडू नका, रंग तडकतो.

पाणी जास्त न्या, गवाशचं पाणी चार वेळा ब्रश बुडवला की दुधाळ होतं. आणि ते सड्यावर ओतायचं नाही, तिथल्या मातीत सत्त्वच कमी आहे, सीतेची आसवं किडे खाऊन जगतात ती त्यामुळंच, त्यांना आपला रंग कशाला. मळलेलं पाणी एका रिकाम्या बाटलीत भरून खाली आणा, पण बाटलीवर मार्करनं मोठी फुली मारा, नाहीतर परतीच्या वाटेवर कुणीतरी ती तोंडाला लावतंच.