घाणेरीच्या फळाला निळा रंग येतो कुठून?

मागच्या महिन्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होता, एल्डरबेरी या परदेशी फळाच्या गोळ्या घ्या, इम्युनिटी वाढते, पावसाळ्यात तापसर्दी फिरकत पण नाही वगैरे. शेजारच्या काकूंनी जिन्यातच गाठलं, "तू बॉटनी केलंयस ना गं, मागवू का ऑनलाइन?" मी सरळ सांगितलं, काकू नका मागवू. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकने फ्लूच्या पेशंटवर याची रीतसर चाचणी घेतली होती, अर्ध्यांना एल्डरबेरीचा अर्क आणि अर्ध्यांना नुसतंच त्याच्यासारखं दिसणारं सिरप, कोणाला काय दिलंय ते पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. 2020 मध्ये निकाल छापून आला, फरक काहीच नाही. आणि ज्यांना वाटतं की झाडाचं आहे म्हणजे अपाय नाही त्यांच्यासाठी अजून एक गोष्ट, 1983 मध्ये कॅलिफोर्नियात काही लोक या झाडाच्या फळांचा पानंकाड्यांसकट काढलेला कच्चा रस प्यायले आणि त्यातल्या आठ जणांना हेलिकॉप्टरने दवाखान्यात न्यावं लागलं, कारण या झाडात अशी संयुगं असतात ज्यातून सायनाइड सुटतं. शिजवल्यावर ते बरंचसं जातं, म्हणून युरोपात जॅम आणि सरबत करून पिढ्यानपिढ्या खातात, तो भाग वेगळा.

पण मला सांगायचंय ते एल्डरबेरीच्या भावंडाबद्दल. एल्डर म्हणजे शास्त्रीय भाषेत सॅम्ब्युकस, आणि त्याच्याच कुळात व्हायबर्नम नावाची झुडपं येतात, दीडशेच्या वर जाती, आपल्याकडे हिमालयात आणि नीलगिरीतसुद्धा आहेत. जुन्या पुस्तकांत ही दोन्ही हनीसकल नावाच्या वेलीच्या कुळात असायची, मग डीएनए बघितल्यावर कळलं की यांचं खरं नातं ॲडॉक्सा नावाच्या वीतभर उंचीच्या एका रोपट्याशी आहे, आणि सगळ्यांना उचलून वेगळ्या कुळात बसवलं.

तर यातलं व्हायबर्नम टायनस, भूमध्य समुद्राच्या काठचं झुडूप, युरोपात बागांमधून कुंपणाला लावतात. त्याची फळं निळी असतात. साधी निळी नाही, स्टीलच्या डब्याला निळी झाक द्यावी तशी धातूसारखी चमकणारी. आता फळात निळा रंग मुळात दुर्मिळ. जांभूळ, करवंद, कोकम आठवा, सगळा लाल-जांभळ्याचा खेळ, अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं, फोडलं की बोटांना आणि शर्टाला लागणार. व्हायबर्नमचं फळ चिरडलं तर निळं काहीच निघत नाही, निघतो तो गडद लालसर रस. मग निळा गेला कुठे?

ते 2020 मध्ये केंब्रिजच्या सिल्व्हिया विग्नोलिनी, रॉक्स मिडलटन, मिरांडा सिनॉट-आर्मस्ट्राँग आणि व्हायबर्नमवर आयुष्यभर काम केलेले येल विद्यापीठाचे मायकेल डोनोह्यू या मंडळींनी दाखवलं. फळाच्या सालीचा काप इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवला तर बाहेरच्या पेशीभित्तिकेत मेदाचे, म्हणजे चक्क चरबीचे अतिसूक्ष्म थेंब थरावर थर रचलेले दिसले. शाळेत आपण शिकलो की पेशीभित्तिका सेल्युलोजची असते. मेण वरून लावलेलं असतं हे माहीत होतं, पण भिंतीच्या आत चरबीचे थर, आणि त्यातून रंग, हे वनस्पतीत आधी कोणी दाखवलं नव्हतं.

थरातून रंग कसा येतो ते बघायला मायक्रोस्कोप लागत नाही, जूनमध्ये पहिला पाऊस झाला की सिग्नलला बाइक उभ्या राहतात तिथे खाली बघा, पाण्यावर ऑइलचा तवंग आणि त्यात इंद्रधनुष्य. ऑइलला स्वतःचा रंग नसतो. तवंगाच्या वरच्या बाजूने थोडा प्रकाश परततो, खालच्या बाजूने थोडा, आणि दोघांच्या लाटा एकमेकींत मिसळतात, ज्या रंगाचे उंचवटे उंचवट्यांवर बसतात तो उजळतो आणि ज्याचे उंचवटे खळग्यात पडतात तो मरतो. फळात हेच, फक्त एका तवंगाऐवजी अनेक थर, एक भिंतीचा एक चरबीचा, दोघांचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरल्यावर प्रकाश किती मंदावतो त्याचं माप, जरासं वेगळं म्हणून प्रत्येक सीमेवरून थोडाथोडा प्रकाश परत फिरतो. गणित करून बघा, निळ्याची तरंगलांबी साधारण 450 नॅनोमीटर, अशा माध्यमात शिरल्यावर ती दीडपट कमी होऊन 300, आणि जाऊन-येऊन दुप्पट अंतर पडतं म्हणून त्याच्या निम्मी, म्हणजे दर 150 नॅनोमीटरला पुढचा थर हवा. आपल्या एका केसाच्या जाडीत असे पाचशेच्या आसपास थर मावतील! आणि थेंब अगदी ओळीत लावलेले नसतात, थोडे अस्ताव्यस्त असतात, म्हणून तवंगासारखा मान हलवली की रंग बदलला असं होत नाही, सगळीकडून निळाच. त्या गडद लाल रसाचं कामही आता कळतं, निळा सोडून जो प्रकाश आत जातो तो हा रस पिऊन टाकतो, परत येऊ देत नाही, म्हणून निळा एवढा खुलतो. काळ्या कापडावर जरीकाम जसं उठून दिसतं तसं.

बरं हे फळ खरंच चरबीने भरलेलं असतं, बाकीची फळं पाणी आणि साखर देतात, हे पक्ष्याला चरबी देतं. म्हणजे पक्ष्याला बोलावणारी निळी जाहिरात पण चरबीची आणि माल पण चरबीचा. संशोधक इथे "असावं" असं जपून म्हणतात, मला मात्र ही कल्पना फार पटते.

आता मुंबईत या. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीच्या रस्त्याला, आरेत, रेल्वेच्या कुंपणाला जिकडेतिकडे घाणेरी असते, काही जण टणटणी म्हणतात, गुलाबी-पिवळ्या फुलांचे गुच्छ आणि पान चुरडलं की तो उग्र वास. ही मूळची अमेरिकेतली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेची शोभा म्हणून आणली आणि आज जंगलंच्या जंगलं तिने खाल्लीत, याचं दुःख आहेच. तिची पिकलेली फळं जवळून बघा, मिरीपेक्षा थोडी मोठी, काळपट आणि वर निळी धातूची झाक. 2022 मध्ये सिनॉट-आर्मस्ट्राँग यांच्याच टीमने दाखवलं की हा निळा पण चरबीच्याच थेंबांचा! आणि घाणेरी व्हायबर्नमची कोणी लागत नाही, ती तुळस आणि सागाच्या बाजूची, म्हणजे एकच युक्ती दोन झाडांनी आपापली शोधून काढली. गंमत म्हणजे लॅन्टाना हे घाणेरीचं शास्त्रीय नाव मूळचं व्हायबर्नमचंच जुनं नाव, फुलांचे गुच्छ सारखे दिसतात म्हणून ते हिला मिळालं. तेव्हा फळाच्या सालीत काय आहे ते कोणाला माहीत असणार.

रुद्राक्षाचं फळसुद्धा झळझळीत निळं असतं बरं का, तेही थरांमुळेच, डेव्हिड ली या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1991 मध्येच ते मांडलं होतं. गळ्यात घालतो ती आतली कोय, आणि मुखं म्हणजे त्या फळातले कप्पे, बहुतेकांत पाच. एक कप्पा असला म्हणून ब्लड प्रेशर उतरत नाही, पण त्याचे हजारो रुपये घेतात आणि झाडाखाली पडलेलं निळं फळ मात्र कोणी वाकून बघत नाही.

पुढच्या वेळी बोरिवलीला गेलात तर घाणेरीचं एक पिकलेलं फळ घ्या, खायचं नाही, हिरवं तर विषारीच असतं. उन्हात धरून निळी झाक बघा आणि मग अंगठ्याने चिरडा. बोटाला जांभळट रस लागेल, थर मोडले की निळा तिथल्या तिथे जातो.