डॅशने सुरू होणारी फाइल का पुसली जात नाही

सोलापुरातल्या एका चादरींच्या कारखान्यात जॅकार्ड डिझाइनच्या फायली मी सांभाळतो. कुणीतरी एका फाइलचं नाव ‘-फुलोरा’ ठेवलं होतं. पुसायला गेलं की आरएम, म्हणजे फाइल पुसण्याची आज्ञा, म्हणायची, असा पर्यायच नाही; आज्ञेला द्यायच्या जादा सूचना, म्हणजे पर्याय, डॅशनेच सुरू होतात. राग आरएमवर निघतो, पण याचं मूळ युनिक्स या संगणकप्रणालीच्या घडणीतच आहे.

बेल लॅब्समध्ये १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. त्यात डिरेक्टरी, म्हणजे फायलींचा कप्पा, ही निव्वळ नावांची एक यादी. १९७९च्या सातव्या आवृत्तीत प्रत्येक नोंद १६ बाइटची होती: २ बाइट आयनोडच्या, म्हणजे फाइलच्या मूळ नोंदीच्या, आकड्याला, १४ नावाला. खरी फाइल त्या आकड्यामागे असते; आरएम फक्त यादीतलं नाव खोडतं. शेवटचं नाव गेलं आणि फाइल कुठे उघडी नसली, की जागा मोकळी होते. नावात कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, दोनच गोष्टी चालत नाहीत, स्लॅश आणि शून्य बाइट. स्पेस, चांदणी, डॅश, अगदी नवी ओळसुद्धा चालते.

अडचण वरच्या थरात येते. आज्ञेतल्या चांदणीच्या (*) जागी जुळणारी सगळी नावं शेल, म्हणजे टंकलेल्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, आधीच भरतं, त्यामुळे आरएमच्या हाती नुसते शब्द पडतात. डॅशने सुरू होणारा शब्द नाव आहे की पर्याय, हे त्याला कळायला मार्गच नाही. नावाआधी टिंब-स्लॅश (./, म्हणजे ‘याच डिरेक्टरीतली’) लावलं की डॅश पहिला राहत नाही, हा सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय. बेल लॅब्सची मालक कंपनी एटी अँड टीने १९८५मध्ये गेटऑप्ट, म्हणजे आज्ञेतले पर्याय ओळखणारा तयार कोड, सर्वांना खुलं केलं. दोन डॅश आले की पर्याय संपले, हा संकेत त्यात होता.

याच मोकळिकीमुळे मराठी नावं शक्य झाली, हे मला फार मोलाचं वाटतं. १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीने नावाच्या लांबीची मर्यादा २५५ बाइटपर्यंत नेली. १९९२मध्ये थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत अशी रचली की इतर लिप्यांच्या अक्षरांत स्लॅश किंवा शून्य बाइट येतच नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. जुन्या १४ बाइटांत ‘सोलापूर’मधलं ‘सोला’ एवढंच मावलं असतं.

पण ‘ऱ’ एका संकेतांकाने (अक्षराच्या ठरलेल्या आकड्याने) लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) जोडूनही; दिसायला सारखं, पण बाइट वेगळे. आमच्याकडे ‘फुलोऱ्याची किनार’ नावाच्या दोन फायली एकाच डिरेक्टरीत शेजारीशेजारी होत्या, डोळ्यांना अगदी सारख्या. तिथे यादी दाखवणाऱ्या एलएस आज्ञेकडून दोघींच्या आयनोडचे आकडे घेतले, नको असलेलीचा आकडा फायली शोधणाऱ्या फाइंड आज्ञेला दिला आणि नाव न टंकता ती पुसली.